आज जमीन कशी हाय?

अंगदअण्णांनी मला पळायचे बूट विकले आणि "हे घालून पळू नका" असंही सांगितलं, दोन्ही एकाच दमात.

नांदूरघाटच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू होऊन मला तेव्हा महिनाही झाला नव्हता. नवरा पुण्यात नोकरीला, मी इथे एकटी, बदलीची वाट बघत. अण्णांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या होत्या. पुढे रस्त्याच्या अंगाला त्यांचं चपलाबुटांचं दुकान. केजच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघून सकाळी चालायला लागा, जमलं तर हळूहळू पळा, असं बजावलं होतं. बूट घ्यायचेच, तर घरमालकाकडून घ्यावेत, एवढ्याच विचाराने मी दुकानात शिरले.

अण्णा स्टुलावर अनवाणी बसले होते. चारी भिंतींना छतापर्यंत चपला आणि मध्ये हा उंच, सडपातळ, पंचावन्नच्या पुढचा माणूस उघड्या पायांनी. पाय रुंद, बोटं पसरलेली, टाचांना भेगा. त्यांनी एक खोका काढला, बूट दोन्ही हातांनी मधोमध वाकवून पाहिला. कोणतीही वस्तू गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी ते अशी वाकवून बघत.

"लई चांगला हाय," ते म्हणाले. "टाच मऊ हाय. घ्या बिनधास्त. फकस्त पळताना पुलापाशी काढून ठेवायचे, येताना घालायचे."

"मग घेऊ कशाला, अण्णा?"

"घरापासून पुलापर्यंत काय उडत जाताव का?"

मी पैसे देत होते तेवढ्यात एक जोडपं आलं. दसरा होऊन गेला होता, ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांची निघायची गडबड चालली होती. त्या बाईने रबरी स्लिपरचा जोड उचलला. अण्णांनी तो तिच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला.

"हे पाणी भरायला. उसाच्या फडात हे घालून गेलीस तर पाचटाखालचं खोडकं आरपार येतंय. हे घे." त्यांनी जाड तळव्याचे बंद बूट पुढे केले. ती लाजली. बायामाणसं कुठं बूट घालत्यात का, असं काहीतरी पुटपुटली. अण्णा स्टुलावरून उतरले, खाली बसले आणि तिच्यापुढे बूट मांडून, ती पाय घालेपर्यंत तसेच बसून राहिले.

ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "मला अनवाणी आणि तिला बूट?"

"तुमी पळायला जाताव. ती कामाला जाती."

उत्तर मला एकदम पटलं. माणूस विचारी आहे, असं मनाशी म्हणत मी घरी आले. पुढच्याच आठवड्यात गावातला एक धडधाकट तरुण पळायला बूट मागायला आला, तर अण्णांनी त्याला अनवाणी पळण्याबद्दल अवाक्षर न काढता सगळ्यात भारी बूट विकले. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला काहून सांगू? त्यानं इचारलं का?" मी तरी कुठे विचारलं होतं?

तर असे अण्णा. ते स्वतःही रोज पहाटे अनवाणी पळत. त्यांच्याबरोबर मी दोन हिवाळे पळाले आणि त्या माणसाचा थांग लागला असं मला एकदाही छातीवर हात ठेवून म्हणता आलं नाही.

घराणं धनगराचं. लहानपण सगळं मेंढरांमागे माळावर गेलेलं. पायात पहिली चप्पल आली ती थोरल्या भावाच्या लग्नात, आणि झिजेल म्हणून ती हातात धरून आपण वरातीत पळत होतो, असं ते सांगत. गावातले लोक त्यांच्या नावावरून गंमत करायचे. "रावणाच्या दरबारात पाय रोवून उभा ऱ्हायला तो अंगद. आमचा अंगद पाय टेकवायलाच तयार न्हाई." अण्णा हसत. लोकांच्या चपला बघून ते त्यांच्याविषयी अंदाजही बांधायचे. आमच्या शाळेच्या शिपायाची झिजलेली चप्पल उलटी करून एकदा म्हणाले, "उजव्या खांद्यावर वझं न्हेतूस तू." शिपाई म्हणाला, "अण्णा, ही माझी न्हाईच. मेव्हण्याची घालून आलोय." अण्णांना त्याचं काहीच वाटलं नाही. "मग मेव्हणा न्हेत असंल," म्हणाले.

पहाटे आम्ही निघायचो. पुलापासून पाझर तलावाच्या बांधापर्यंत मुरमाचा रस्ता आहे, बाजूला ज्वारीची रानं. अण्णा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर घालून पळत. मी पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला बांधून. आणि आमच्या मागे, दिवा लावून, बैलगाडीच्या गतीने स्कूटी चालवत मुक्ताकाकू. म्हणजे अण्णांच्या पत्नी.

पहिल्या दिवशी ती स्कूटी बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा परक्या बाईबरोबर पळायला निघाला, म्हणून बायको पाळतीवर आली, असंच मी धरून चालले. गावातही तसंच बोललं जाई. दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, "काकू, तुम्हाला आवडत नसेल तर मी एकटी जाईन."

"आगं बया, तसलं काय न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी पळा की. मी आपली वाऱ्याला येती."

पहाटेच्या थंडीत, कानाला स्कार्फ गुंडाळून, वाऱ्याला! माझा विश्वास बसला नाही. पण पुढे पाठीमागच्या त्या दिव्याची मला सवय झाली.

अनवाणी पळणं सुरुवातीला फार जड गेलं. एक एक खडा कळायचा. रात्री तळपाय जळजळायचे. अण्णांचं शिकवणं चालू असायचं.

"धपधप करू नका. आवाज कमी. जमिनीशी भांडायला आलाव का?"

"टाच आधी टेकवू नका. चवडा टेकवा. हळू. इचारून पाऊल टाका."

आणि रोज, पूल ओलांडला रे ओलांडला की त्यांचा प्रश्न यायचा, "मॅडम, आज जमीन कशी हाय?"

हा गुरूचा प्रश्न आहे, असं मला वाटायचं. आपली परीक्षा चालली आहे. मी तयारीने उत्तरं द्यायचे. "आज जमीन शांत वाटते, अण्णा." "आज ती जरा रुसलेली आहे." त्यावर ते वैतागत. "तसलं नगं. सरळ सांगा. गार हाय का? दहिवर पडलंय का? खडा बोचतोय का?" मग मी सरळ सांगायचे. गार आहे, ओलसर आहे, डाव्या अंगाला खडी जास्त आहे. ते मान हलवत आणि उजव्या अंगाला सरकत. साधेपणाने बघायला शिकवत आहेत, असा मी त्याचा अर्थ लावला आणि तो मला फार आवडला. पुण्याला नवऱ्याला फोनवर सांगितलासुद्धा.

नवरा म्हणाला, "तू तिथे शिकवायला गेली आहेस की शिकायला?"

ही शिकवण पळण्यापुरती ठेवावी, की बाहेरही वापरावी, हे मात्र मला कळत नव्हतं. आमचे मुख्याध्यापक तोंडाने फटकळ होते आणि माझे त्यांचे खटके उडत. धपधप करायचं नाही, विचारून पाऊल टाकायचं, असं ठरवून मी एकदा त्यांच्याशी अगदी मऊ बोलले. त्याचा परिणाम असा झाला, की पोषण आहाराचं सगळं काम त्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. दुसऱ्या दिवशी पळताना मी हे रागारागाने अण्णांना सांगितलं.

"मग जोरात टाकायचा हुता पाय," अण्णा म्हणाले.

"तुम्हीच तर म्हणता हळू टाका!"

"ते मुरमावर. हेडमास्तर काय मुरूम हाय का?"

हे ज्ञान होतं की थट्टा, हे मागे येणाऱ्या काकूंना विचारावं असं वाटलं, पण काकू स्कूटीवरून रस्त्याकडे टक लावून बघत होत्या. त्या नेहमी रस्त्याकडेच बघत. आमच्याकडे नाही.

शाळेच्या क्रीडासप्ताहात मुख्याध्यापकांनी अण्णांना पाहुणे म्हणून बोलावलं. कल्पना माझीच होती. गावचा माणूस, या वयात रोज अनवाणी पळतो, मुलांना चार शब्द सांगेल. मुख्याध्यापकांनी प्रस्तावनेत मातीशी नातं वगैरे बरंच काही सांगितलं. अण्णा उठले. धुतलेला सदरा, आणि पायात नवेकोरे बूट! ते बूट बघूनच मुलांत कुजबुज सुरू झाली.

"पोरांनो," अण्णा म्हणाले, "चपला घालत जावा. रोज. शाळंत येताना, रानात जाताना, परसाकडं जाताना. एवढंच हाय." आणि खाली बसले.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण लवकर संपलं होतं. मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. दुकानाची जाहिरात करून गेला, असं ते नंतर सगळ्यांना सांगत राहिले. संध्याकाळी अण्णा दुकानात परत अनवाणी बसलेले.

"अण्णा, हे काय केलंत? मी काय काय सांगून ठेवलं होतं तुमच्याबद्दल!"

अण्णा एक चप्पल घेऊन वाकवत राहिले. मग म्हणाले, "तिथं पुढं बसलेली निम्मी पोरं बिगरचपलेची हुती, मॅडम. त्यांला काय सांगू? तुमी लई भारी करताव मनून? ज्याच्या घरी चप्पल हाय त्यानं काढावी. ज्याला न्हाईच, त्याला काढायचं काय शिकवायचं?"

मला वाटलं, आता कळला हा माणूस. अण्णांविषयी मला असं वाटण्याची ती शेवटची वेळ.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मुक्ताकाकूंचे वडील आजारी पडले आणि त्या शिरूर कासारला माहेरी गेल्या. जाताना त्यांनी मला दारात गाठलं. "मॅडम, मी येईस्तोवर त्यांच्या मागून पळा. पुढं जाऊ नका." मी हो म्हटलं. लोक बोलतात, बाईमाणसाने पुढे पळू नये, असंच काहीतरी असणार म्हणून मनातून थोडी दुखावलेही. पण शब्द दिला होता, म्हणून मागे पळू लागले.

त्या दिवशी उजाडायला लागलं होतं. अण्णा माझ्या पुढे, नेहमीसारखे, आवाज न करता. रस्त्यावर मला काळसर ठिपके दिसले. आधी वाटलं तेल सांडलं असेल. पण ठिपके थोड्या थोड्या अंतराने पुढे जात होते आणि अण्णांची पावलंही तशीच जात होती. मी वाकून बोट लावलं. ओलं आणि लाल.

"अण्णा! थांबा! रक्त येतंय तुमच्या पायातून!"

ते थांबले. वळले. पायाकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाले, "कोणत्या पायातून?"

ज्याच्या पायातून रक्त वाहतंय, तो माणूस मला विचारत होता कोणता पाय.

मी त्यांना बांधाच्या दगडावर बसवलं. उजव्या तळव्यात, करंगळीच्या खाली, बाटलीची काच रुतली होती. ती आजची. पण तिच्या शेजारी एक जुनी जखम होती, कडेने पांढरी पडलेली, तिला वास येत होता. काकूंना जाऊन आठवडा होत आला होता.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"न्हाई."

"अजिबात?"

"शुगर हाय ना मला. लई वर्सं झाली." बिनसाखरेचा चहा ते घेतात, हे मला माहीत होतं. गावात अर्धे लोक घेतात. "आधी मुंग्या यायच्या. मग बोटं गेली. मंजे हाईत, पण कळत न्हाईत. मग चवडा गेला. आता घोट्याच्या खाली काय हाय काय न्हाई, डोळ्यांनीच बघायचं."

"मग जमिनीचं विचारून पाऊल टाका, ती सांगते, हे सगळं…"

"सांगतीच की. मला ऐकू येत न्हाई, त्यात तिचा काय दोष?"

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. "रोज मला विचारायचात, आज जमीन कशी आहे…"

"मंग? मला कसं कळणार?"

परीक्षा नव्हती ती. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. दोन हिवाळे मी त्यांना त्यांची जमीन सांगत होते, आणि पहिले कितीतरी दिवस तर नुसते सुंदर सुंदर शब्द सांगत होते.

"पण मग बूट का नाही घालत?" माझा आवाज चढला. "दुकान भरलंय तुमचं बुटांनी!"

"घालून बघितले ना. बूट घातले की कायच येत न्हाई वर. गादीवर पळाल्यावानी. बिगरबुटाचं गुडघ्याला तरी येतंय थोडं. कंबरेला येतंय. हादऱ्यावरून वळखतो मी, डांबर हाय का मुरूम." ते तलावाकडे बघत म्हणाले, "तेवढंच राहिलंय मॅडम माझ्याजवळ. तेबी सोडू का?"

मी माझी ओढणी फाडून त्यांच्या पायाला बांधली आणि फोन करून रिक्षा बोलावली.

बीडच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मुक्ताकाकू शिरूरहून थेट दवाखान्यात आल्या. त्या रडल्या नाहीत, अण्णांना काही बोलल्याही नाहीत. बाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "पळून आले की मी रोज तळपाय बघती. बॅटरी लावून, चिमटा घेऊन. काटा, काच, काय असंल ते काढती. लोकं मनत्यात अंगद बायकोकडून पाय धुऊन घेतो. मनू द्या." मग थोड्या वेळाने, "आन् गाडीवरून रस्त्यावर रगत दिसतंय का ते बघायची. तुमाला वाटायचं मी पाळतीवर येती. मला कळायचं तुमाला तसं वाटतंय ते."

"मग सांगितलं का नाही, काकू?"

"त्यांनी शपथ घातलती. लोकाला कळलं तर पळू द्यायचे न्हाईत मनून."

"आणि तुम्ही पळू दिलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पळायचं बंद झालं अन् माणूस भिंतीकडं तोंड करून बसला, तर मी काय करू? ते बघितलंय मी एकदा. तवाच गाडी शिकले."

डॉक्टर राउंडला आले तेव्हा मी त्यांना गाठलं. कुणीतरी मला एकदा स्पष्ट सांगायला हवं होतं. या पळण्यामुळे त्यांचं भलं झालं की वाटोळं? डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "रोज पळत होते म्हणून इतकी वर्षं साखर आटोक्यात राहिली. अनवाणी पळत होते म्हणून बोटं गेली. आता तुम्हीच ठरवा." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

अण्णा मात्र खाटेवर मजेत होते. शेजारच्या पेशंटला सांगत होते, "पळायचं असंल तर आधी पायाची सवय मोडावी लागती." त्याचा एक पाय प्लास्टरमध्ये होता. तो हो हो म्हणत होता.

घरी आल्यावर अण्णा पळाले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ चपला पायात आल्या. दुकान पूर्वीसारखंच चालू राहिलं. मी काही दिवस एकटीच गेले, आधी अनवाणी, मग बूट घालून, मग परत अनवाणी. कसंही गेले तरी चुकल्यासारखं वाटे. बूट घातले की अण्णांचा विश्वासघात, काढले की काकूंचा. एकदा मी अण्णांना सरळच विचारलं, "मी घालू का नको?"

"पाय कुणाचे हाईत?" ते म्हणाले.

"माझे."

"मग मला काहून इचारताव?" आणि लगेच, काळजीच्या सुरात, "पर काचा बघून पळा."

त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान टेम्पोतून आधी पुढे गेलं होतं आणि मी केजच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसले होते. निरोप आदल्या दिवशीच घेऊन झाला होता. काकूंनी ओटी भरली होती. अण्णांनी काही विशेष सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, निदान जाताना तरी काहीतरी सांगतील, मी ते पुण्यात जपून ठेवेन. ते गिऱ्हाइकात होते.

आणि स्टँडवर ते दोघं मला दिसले. बहुधा तपासणीसाठी बीडला निघाले असतील. बीडच्या गाडीला गर्दी होती, सगळे दाराशी लोटलेले. काकू पिशवी घेऊन पुढे, अण्णा मागे. मी हाक मारणार तेवढ्यात, घाईत असलेल्या एका दूधवाल्याने हातातला भरलेला कॅन खाली टेकवला, तो नेमका अण्णांच्या डाव्या पायावर.

"आयायायाऽऽ!" अण्णा ओरडले. आख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असे. पाय उचलून एका पायावर नाचायला लागले. दूधवाला घाबरून हात जोडायला लागला.

काकू गर्रकन वळल्या. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. त्या अण्णांच्या पायाकडे बघत नव्हत्या, तोंडाकडे बघत होत्या. "दुकलं?" त्या म्हणाल्या. "दुकलं का ओ? खरंच दुकलं?" आणि एवढ्या गर्दीत, लोकांच्या पायांत, त्या खाली बसल्या आणि त्यांनी तो पाय दोन्ही हातांत धरला.

अण्णा मान डोलावत होते. हो, हो, लई दुकलं. काकू हसत होत्या की रडत होत्या, ते मला काचेतून नीट कळेना.

कॅन खाली येताना अण्णांचे डोळे पायाकडेच होते. ते मी पाहिलं होतं. पण ओरडतानाचा त्यांचा चेहराही मी पाहिला होता, आणि तो चेहरा दुखलेल्या माणसाचा होता. मी खिडकी सरकवायला गेले, ती अर्ध्यावरच अडकली होती. आमची गाडी हलली. वळणावरून मागे पाहिलं, तेव्हा काकू अजून खालीच बसल्या होत्या आणि अण्णा एका पायावर उभे राहून, दूधवाल्याच्या खांद्यावर हात टेकून, खाली काकूंकडे बघत होते.